दिपेशपेक्षा मोठी डिग्री

मंगळवार, ८ जुलै

दुरुस्ती. काल इथे लिहिलं की मीटिंगमध्ये दिपेश मला हसला. हे खरं नाही. हसली ती नूतन. दिपेश पाणी पीत होता. खोटं लिहायचं नाही, स्वतःच्या रोजनिशीतही नाही, म्हणून ही दुरुस्ती. मात्र तो ज्या पद्धतीने पाणी पीत होता ती मी नीट पाहिली आहे आणि ती माफ करण्यासारखी नव्हती.

बाकी सगळं कालचं बरोबर. वाशदेव सर म्हणाले, जीन्स कारखान्यांच्या नवीन सॉफ्टवेअरचं काम एक तारखेला सुरू होतंय, टीम लीड एकच होणार, तू किंवा दिपेश. त्यावर दिपेशने सरांना सांगितलं की त्याचं एम.एस्सी. चालू आहे. मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "जिज्ञासा, तू ग्रॅज्युएशनच ना फक्त?"

फक्त.

हा ऑफिसात आला तेव्हा बॅकअप कुठे घ्यायचा तेसुद्धा याला ठाऊक नव्हतं. मी शिकवलं. आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आजोबा अंगठा द्यायचे. बाबा सही करतात, पण सहीला बसले की घरात कुणी बोलायचं नाही. त्या घरातून बी.एस्सी. आय.टी. झालेल्या मुलीला हा म्हणतो, फक्त.

संकल्प: नोकरी सांभाळून दिपेशपेक्षा मोठी डिग्री घ्यायची आणि एक तारखेच्या आत सरांच्या कानावर घालायचं.

हा सूड नाही. करिअर प्लॅनिंग आहे.

बुधवार, ९ जुलै

एक्सेल शीट केली. तीन पर्याय.

एम.एस्सी. आय.टी., दूरशिक्षण. दिपेश हेच करतो. बाद.

एम.सी.ए., ऑनलाइन. अभ्यासक्रम चांगला, व्याख्यानं शनिवार-रविवार. पण दिपेश म्हणणार, "ऑनलाइन का? अच्छा." ते "अच्छा" मला आत्ताच ऐकू येतंय.

एम.टेक., पार्ट टाइम, संध्याकाळचं कॉलेज. यावर दिपेश काहीच म्हणू शकणार नाही.

कॉलम असे: कालावधी, हजेरी, परीक्षा, मान्यता, दिपेश. शेवटचा कॉलम फक्त संदर्भासाठी. त्याला साठ टक्के वजन दिलं.

पात्रतेचा कॉलम रिकामा ठेवलाय. त्यासाठी माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं लागेल, आणि अर्धवट वाचून काही भरणं मला पटत नाही.

शुक्रवार, ११ जुलै

एम.सी.ए.वाल्यांच्या समुपदेशक सुहासिनी मॅडम दिवसभर फोन करतायत. न उचलणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून प्रत्येक वेळी उचलला. खोटं बोलायला नको, म्हणून सांगितलं की मी एम.टेक.कडे झुकतेय, कारण ऑफिसातली एक व्यक्ती. त्या म्हणाल्या, समजू शकते मॅम, आणि ती व्यक्ती ॲडमिशनमध्ये इंटरेस्टेड आहे का?

मी दिपेशचा नंबर दिला.

कुणाचा नंबर न विचारता देणं चूक आहे. मी हे मान्य करते. उद्या माफी मागणार (मनातल्या मनात).

शनिवार, १२ जुलै

सकाळपासून दिपेशचा फोन वाजत होता. मी खाली मान घालून ग्राहकांच्या तक्रारींची टिकेट्स बंद करत होते. आयुष्यात इतक्या टिकेट्स एका दिवसात बंद केल्या नव्हत्या.

दुपारी तो फोनवर सुहासिनी मॅडमशी हसत बोलत होता. त्यांचं माहेर पालेगावचं निघालं. दिपेशच्या शेजारच्या बिल्डिंगमधलं. याला नशीब म्हणतात, गुण नव्हेत.

रविवार, १३ जुलै

घरी सांगितलं. लावणी चालू आहे, बाबा गुडघाभर चिखलाने भरलेले पाय घेऊन ओटीवर बसले होते. मी म्हटलं, मी पुढे शिकणार आहे. बाबा म्हणाले, "अजून रायलंय काय?" मी म्हटलं, हो, मास्टर्स. बाबा पायाचा चिखल खरवडत म्हणाले, "शीक. पन शेवट कुठं हाय त्याचा, ते एकदा विचारून ठेव."

आईने विचारलं, किती मोठी डिग्री? शेजारच्या कौसाबाईच्या जावयापेक्षा मोठी काय? मी म्हटलं, खूपच मोठी. आईने त्याच क्षणी कौसाबाईच्या भिंतीकडे तोंड करून मला मोठ्याने चहा विचारला, "आमच्या एम.टेक.ला च्या ठेवू काय?"

मी लगेच खुलासा केला की अजून फॉर्म भरलेला नाही, फक्त ठरवलंय. हे वाक्य मी स्पष्ट उच्चारलं, नोंद असावी.

भावेशदादा इतका वेळ मोबाइलमध्ये होता. त्याने वर बघून विचारलं, "आपल्या गावात केलंय काय कुनी?" मी म्हटलं, बहुतेक नाही. "बहुतेक नको बोलू बाय. नक्की बोल." मी म्हटलं, नक्की नाही. दादाने चप्पल घातली आणि गेला. मला वाटलं लावणीला माणसं बघायला गेला.

बुधवार, १६ जुलै

दादा लावणीला माणसं बघायला गेला नव्हता.

आमच्या मांजर्लीच्या नाक्यावर माझा बॅनर लागलाय. रिक्षा स्टँडच्या वर, दोन खांबांना. "आपल्या गावची कन्या कु. जिज्ञासा हरिचंद्र म्हात्रे हिची एम. टेक. (आय.टी.) साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" फोटो चुलतबहीण प्रगतीच्या हळदीतला. अंगावर पिवळी साडी, डोळ्यांवर दादाचा गॉगल, एक हात वर. मी नाचत होते. खाली शुभेच्छुक म्हणून दादा आणि त्याचं मित्रमंडळ, सगळे गॉगलमध्ये, सगळे मोबाइल कानाला लावून. माझ्यासाठी हे सगळे कुणाला फोन करतायत कळत नाही.

निवड! अजून फॉर्मची लिंक उघडलेली नाही.

दादाला म्हटलं, हे खोटं आहे, आत्ताच्या आत्ता उतरव. दादा म्हणाला, "होनार हाय ना? मग आज काय नि उद्या काय. काकाच्या सोनूचा बॅनर तर दहावीच्या रिझल्टच्या आधी लावलेला." मी म्हटलं, सोनू नापास झाला. दादा म्हणाला, "पन बॅनर कसला झालेला!"

संकल्प: संध्याकाळपर्यंत बॅनर खाली.

नंतर: स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याने मला ओळखलं आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला झोपेतून उठवून सांगितलं, मागं मॅडम बसल्यात. कौसाबाई तिचा बंद पडलेला मिक्सर घेऊन आली, एम.टेक.ला जमेल म्हणून. बाबा नाक्यावर उभे राहून बॅनर वाचत होते. बाबांना वाचायला वेळ लागतो. मी मध्येच उतरवायला सांगितलं असतं तर त्यांचं वाचून झालं नसतं.

उद्या उतरवू.

गुरुवार, १७ जुलै

एक विचार आला. वाईट नाही, फक्त विचार. बॅनर बदलापुरात आहे. दिपेश अंबरनाथला पालेगावात राहतो. म्हणजे ज्याने वाचावं तो सोडून सगळा तालुका वाचतोय.

जेवताना सहज म्हटलं की पालेगावातही आपली बरीच माणसं आहेत. दादाने वर बघितलं. मी म्हटलं, फाट्यावर नवीन बिल्डिंगा झाल्यात, गेटसमोर चांगली मोकळी जागा आहे.

ही माहिती होती. सूचना नव्हती. फरक मोठा आहे.

रविवार, २० जुलै

आज शांत बसून एम.टेक.चं माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पात्रतेचा कॉलम भरायचा होता.

पात्रता: बी.ई. किंवा बी.टेक. किंवा एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. (आय.टी.).

बी.एस्सी. नाही.

पुन्हा वाचलं. मग मोबाइलवर वाचलं. लॅपटॉपवर काही वेळा जुनं पान दिसतं. मोबाइलवरही तेच.

म्हणजे एम.टेक.ला जायचं तर आधी एम.एस्सी. आय.टी. म्हणजे जे दिपेश करतो ते. म्हणजे दिपेश एम.टेक.ला माझ्या आधी पात्र होणार.

शीटमध्ये तो कॉलम लाल केला. पळत जाऊन दादाला सांगितलं की बॅनर आजच उतरवायचा, फार मोठी चूक झालीये. दादा ओला होऊन नुकताच घरी आला होता, खूश होता. म्हणाला, "बाय, पालेगावचा आत्ताच लावून आलो. ह्याच्या डबल साइज. गेटच्या बरोब्बर समोर."

सोमवार, २१ जुलै

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळीच दिपेशने फोटो टाकला. पालेगावचा बॅनर. मी इतकी मोठी की ओल्या चकचकीत गॉगलवर समोरची बिल्डिंग उमटलेली दिसते, बहुधा दिपेशचीच. खाली त्याने लिहिलं, "प्राउड मोमेंट! अभिनंदन जिज्ञासा!!" आणि फुलं.

वाशदेव सरांनी केक मागवला. नूतनने माझ्यासोबत सेल्फी काढला आणि म्हणाली, "सांगायचं नाय काय ग, केवढी छुपी रुस्तम तू!" मी सांगणार होते. तोंड उघडलं तेव्हा त्यात केक घातला.

दिपेश माझ्यासमोर उभा राहून केक खात होता. चेहरा पडलेला. मी मुद्दाम पाहिलं. हे पाप आहे, पण लिहायला हवं: गेल्या दोन आठवड्यांतला हा सर्वांत चांगला सव्वातास.

दुरुस्ती, संध्याकाळी: चेहरा पडलेला नव्हता. त्याची दाढ दुखते, नूतनने सांगितलं.

मंगळवार, २२ जुलै

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं लीडचं. लीडचंच होतं.

सर म्हणाले, बेटा, एम.टेक. म्हणजे रोज संध्याकाळी कॉलेज, आणि जीन्सवाल्यांचे फोन संध्याकाळीच येतात. "पढाई के बीच में मैं आऊंगा क्या? कभी नहीं." म्हणून लीड दिपेशला दिलं. माझं सगळं अवघड काम नूतनला वाटून दिलं. मला हलकं ठेवलं.

मग सर थोडे पुढे वाकले. "सच बोलूं? नाम तेरा ही लिखा था मैंने. उस का एम.एस्सी. मुझे क्या करना है? उस को बॅकअप तक तूने सिखाया."

मी म्हटलं, सर, एक मिनिट. सर म्हणाले, थँक यू मत बोल. त्यांनी स्वतः कॉलेज मध्येच सोडलेलं, वडिलांच्या दुकानावर बसायला लागलं म्हणून. हे सांगताना त्यांचे डोळे भरले. डोळे भरलेल्या माणसाला दुरुस्ती सांगता येत नाही. मी प्रयत्न केला. माझ्या तोंडून "थँक यू सर" निघालं.

संकल्प: उद्या खरं सांगायचं. उद्या म्हणजे उद्याच.

गुरुवार, २४ जुलै

काल सांगणार होते. सर व्यापाऱ्यांसोबत होते. आज सांगणार होते. आज गटारी, सर दुपारीच गेले.

या सगळ्याचं मूळ दिपेश आहे. तो "फक्त" म्हणाला नसता तर शीट झाली नसती. शीट झाली नसती तर मी जेवताना पालेगावचा विषय काढला नसता. सूड आता कमी करून चालणार नाही, वाढवावा लागेल. कसा, ते शनिवारी ठरवणार.

शनिवार, २६ जुलै

नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. सगळ्यांनी गाड्या पुलावर नेऊन लावल्या. ऑफिस बुडालं (माझं जाणं, ऑफिस नव्हे). सूड ठरवता आला नाही, भांडी वर चढवत होते.

नाक्यावरचा बॅनर मात्र उतरला. मी नाही उतरवला, बाबांनी. गोठ्यावरचा कागद उडाला होता, पेंढा भिजत होता. आता पेंढ्यावर मी आहे, उलटी, गॉगलसकट. कौसाबाई छत्री घेऊन बघायला आली. म्हणाली, "पोरी, तुझ्या तोंडावर केवढं पानी पडतंय, पन पेंढा बघ कसा सुका!" शिक्षणाचा उपयोग घरच्यांना झाला, असं आईने उत्तर दिलं. आई चेष्टा करत नव्हती.

पालेगावचा बॅनर शाबूत आहे. तो उंचावर आहे.

सोमवार, २८ जुलै

आज सरांच्या केबिनमध्ये वाक्य पाठ करून गेले: सर, माझी निवड झालेली नाही, मी पात्रही नाही. आत जीन्सवाले बसले होते. सरांनी मला बघून उभं राहून ओळख करून दिली, "ये देखो साईं, हमारी एम.टेक." जीन्सवाल्यांनी हात जोडले. एक म्हणाला, माझी मुलगी पुस्तकाला हात लावत नाही, तिच्याशी फोनवर दोन शब्द बोला. बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. त्यातलं एकही वाक्य मला लागू होत नव्हतं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

दिपेश लीड झाला. खुर्ची खिडकीजवळची. मी ठरवलं होतं की त्याचं पहिलं काम थंड चेहऱ्याने ऐकायचं, मान हलवायची आणि एक शब्दही बोलायचा नाही.

तो म्हणाला, जिज्ञासा, सर्व्हरचा बॅकअप बघशील का, मला तुझ्यासारखं जमत नाही.

मी म्हटलं, "हो सर."

कसं निघालं माहीत नाही. शाळेपासूनची सवय आहे, खिडकीजवळ जो बसतो त्याला मी सर म्हणते.

सोमवार, ४ ऑगस्ट

दिपेशने चहाला खाली बोलावलं. नूतनला बोलावलं नाही. मी सगळी उत्तरं तयार करून उतरले.

चहाचा ग्लास माझ्या हातात देऊन तो हळू आवाजात म्हणाला, "बी.एस्सी.वर एम.टेक. भेटत नाय. मी मागच्या वर्षी कॉलेजात जाऊन विचारून आलोय." मी बोटाने चहावरची साय बाजूला केली. तो म्हणाला, "कुणाला बोललो नाय. बोलणार पण नाय. बॅनर लागला की घरच्यांचं काय असतं ते मला म्हायती आहे. माझा बारावीला लागलेला, पेढे वाटले, मग मार्कशीट आली."

मग हसून म्हणाला (आडनावाने तोही म्हात्रेच), "आमच्या आयशीने मला पंधरा दिवस जेवू दिलं नाय नीट. गॅलरीत उभी राहते नि बोलते, बघ, ती बघ, ती पण म्हात्र्यांचीच पोरगी, आणि तू!"

म्हणजे सूड लागू झाला होता! पंधरा दिवस! आणि मला पत्ताच नव्हता. पण त्याने हे मला चहा पाजत सांगितलं, त्यामुळे तो पूर्ण धरता येत नाही.

मी विचारलंच. म्हटलं, त्या दिवशी "फक्त" का म्हणालास? त्याला आठवेना. आठवल्यावर म्हणाला, "अरे, एम.एस्सी.चा फॉर्म सुटणार होता म्हणून विचारलं. तू पण भरला असतास तर नोट्स तरी कोणी नीट काढल्या असत्या."

हे स्पष्टीकरण मी मान्य केलेलं नाही. तपासावर आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट

शीट पुन्हा उघडली. दिपेशचा कॉलम काढून टाकला. गणित आपोआप बदललं: एम.सी.ए. पहिला आला. आनंदाने सुहासिनी मॅडमना फोन केला. पहिल्यांदा मी केला. त्या म्हणाल्या, मॅम, लिंक मंगळवारी बंद झाली, मी तुम्हाला किती फोन केले. खरं आहे. आणि मी प्रत्येक उचलला होता.

उरलं एम.एस्सी., दूरशिक्षण. शेवटची तारीख चौदा ऑगस्ट.

नवीन संकल्प: एम.एस्सी. करायचं, दिपेशपेक्षा जास्त मार्कांनी. मग एम.टेक. तेव्हा पालेगावचा बॅनर खरा ठरेल. मी खोटं बोललेले नाही, फक्त लवकर बोलले. सूड रद्द नाही, पुढे गेलाय.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी बांधली. ओवाळून झाल्यावर दादाला सगळं खरं सांगितलं. सांगता सांगता निरांजन विझलं. म्हटलं, दादा, एम.टेक. नाही, एम.एस्सी. आहे, आणि तेही अजून भरायचंय. मला वाटलं चिडेल, गावात तोंड कसं दाखवू म्हणेल. दादा म्हणाला, "एवढंच ना? स्टिकर मारू." पालेगावला शिडी घेऊन गेलाही. "टेक" वर "एस्सी". आता दिपेशच्या गेटसमोर दुप्पट आकारात लिहिलंय की, दिपेश वर्षभर जे करतोय त्यासाठी माझी निवड झालीये, हार्दिक अभिनंदन.

बाबांनाही सांगितलं. बाबांनी विचारलं, ही लहान हाय काय मग? म्हटलं, थोडी. म्हणाले, "बरं झालं. शेवट लवकर येल."

फॉर्म भरला. एकच कागद राहिलाय. नोकरी करणाऱ्यांना लगतच्या वरिष्ठाचं पत्र लागतं, की उमेदवार होतकरू आहे आणि त्याच्या शिक्षणाला आमची हरकत नाही. वाशदेव सरांकडे नेता येत नाही. त्यांच्या मते मी एम.टेक. करतेय, आणि केबिनमध्ये माझा केकवाला फोटो लागलाय. माझा लगतचा वरिष्ठ दिपेश.

पत्र मीच टाइप केलं. "होतकरू" काढून "अत्यंत होतकरू" केलं. मग ते खरं आहे का याचा विचार केला आणि परत "होतकरू" केलं.

विनंती करणार नाही. कागद पुढ्यात ठेवणार आणि बोटाने जागा दाखवणार. सर तर अजिबात म्हणणार नाही. सोमवारी नको, श्रावणी सोमवारचा उपास त्याला सोसत नाही, चिडका होतो. मंगळवारी त्याची दाढ काढायचीय, तोंड सुजलेलं असेल. चौदाला पोर्टल हमखास अडकतं. म्हणून पक्कं ठरलं: बुधवार, तेरा ऑगस्ट, तो मऊ भात जेवून उठल्यावर.